बुजऱ्या मांजराला जवळ कोण आणतं? ते स्वतःच

पलंगाखाली भिंतीला चिकटून बसलेल्या मांजराला बाहेर आणण्यासाठी आपण काय करतो? ओणवं होऊन त्याच्याकडे बघत राहतो, लाडिक आवाजात हाका मारतो आणि शेवटी हात आत घालून त्याला ओढून मांडीवर घेतो. हे सगळं मायेनेच केलेलं असतं. मांजराला मात्र एवढंच कळतं, की आपल्यापेक्षा कितीतरी मोठा प्राणी टक लावून बघतोय, जवळ येतोय आणि आता त्याने आपल्याला पकडलं. शिकारी प्राणीही हेच करतात.

पाळीव मांजर हे आफ्रिकी रानमांजराचं वंशज. कुत्र्याच्या पूर्वजांना कळपाचा आधार होता, पण हे रानमांजर एकटंच हिंडतं. उंदीर-पाखरं मारून जगतं आणि मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही होतं. जखमी झालं तर त्याला खायला आणून देणारं कोणी नाही, त्यामुळे झुंजण्यापेक्षा लपणं हाच त्याचा शहाणपणा. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या कबरीत माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. इतक्या जुन्या सोबतीनंतरही ही सावध वृत्ती त्याच्यात टिकून आहे.

मग काही मांजरं पाहुण्याच्याही पायात घुटमळतात आणि काही घरच्या माणसालाही बिचकतात, असं का? पिल्लाच्या वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्याच्या मनात 'ओळखीचं' आणि 'परकं' यांची विभागणी होत असते. या काळात माणसाचा हात लागला नाही, तर पुढे माणूस परक्यातच जमा होतो. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात यावर प्रयोग केले. रोज ४० मिनिटं हाताळलेली पिल्लं रोज १५ मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा माणसाकडे लवकर येत. दुसरं कारण आनुवंशिक आहे. ज्यांनी आपला बाप कधी पाहिलाच नाही, अशा पिल्लांमध्येही धीट बापाची पिल्लं अधिक धीट निघतात. म्हणून मोठं झाल्यावर घरी आलेलं मांजर भित्रं असेल, तर ते तुमच्यावर रुसलेलं नाही. त्याचा स्वभाव बराचसा आधीच घडून गेलेला आहे.

त्याचा विश्वास बसू शकतो, पण त्यासाठी त्याला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा अनुभवाव्या लागतात. माणूस जवळ असताना वाईट काही घडत नाही, ही पहिली. नकोसं झालं की आपल्याला निघून जाता येतं, ही दुसरी. माझ्या मते दुसरी अधिक महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच आपण विसरतो.

नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना लपायला खोकं दिलं, ९ मांजरांना दिलं नाही. खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. लपायला जागा दिली तर मांजर कायम लपूनच बसेल, अशी भीती अनेकांना वाटते. घडतं उलटंच. परतायला सुरक्षित जागा असली की बाहेर पडायचं धाडस होतं. तेव्हा ते खोकं, कपाटावरची ती उंच जागा त्याचीच राहू द्या. तिथून त्याला कधीही ओढून काढू नका.

ओढून काढलेलं मांजर कधी कधी निमूट बसतं आणि आपल्याला वाटतं, सरावलं. पण त्याचं अंग नीट पाहा. पाय पोटाखाली घट्ट आवळलेले, बाहुल्या विस्फारलेल्या, कान आडवे पडलेले. ते शांत झालेलं नसतं, भीतीने गोठलेलं असतं. अशा प्रसंगातून ते एकच धडा घेतं, की या माणसापासून सुटका नाही.

त्यापेक्षा त्याच खोलीत जमिनीवर अंग थोडं वळवून बसा आणि आपलं काम करा. नजरानजर झालीच तर डोळे किलकिले करून सावकाश मिटा आणि उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हे तपासलं. अनोळखी संशोधकाने आधी अशी सावकाश उघडझाप केली, तर त्याने पुढे केलेल्या हाताकडे मांजरं अधिक वेळा आली. चेहरा निर्विकार ठेवला तेव्हा तेवढी आली नाहीत.

खाण्याच्या आमिषाबाबत थोडं सांभाळून. भुकेपोटी मांजर स्वतःच्या तयारीपेक्षा जास्त जवळ येतं आणि खाणं संपल्यावर दचकून पळतं. खाऊ थोडा लांब ठेवा आणि अंतर हळूहळू कमी करा. लांब काठीला बांधलेलं पीस हलवून खेळवणं मला त्याहून चांगलं वाटतं, कारण त्यात अंतर राखूनच गंमत येते.

स्पर्शाची वेळ आली की बोट पुढे करून थांबा, पुढचं त्याला ठरवू द्या. ते गाल घासतं तेव्हा तिथल्या ग्रंथींमधला वास तुमच्यावर लावत असतं. मग गाल, हनुवटी, कानाच्या मुळाशी थोडं कुरवाळा आणि हात मागे घ्या. अजून हवं असेल तर ते स्वतः डोकं पुढे करेल. पोट आणि शेपटीचं मूळ टाळा. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात निवाऱ्यातल्या १०० मांजरांशी लोकांना असंच वागायला शिकवलं. नेहमीच्या पद्धतीपेक्षा मांजरं जास्त जवळीक दाखवू लागली आणि त्यांचं ओरबाडणं, चावणंही कमी झालं.

याला आठवडे लागतील, क्वचित महिनेही. घरात पाहुणे आले, सामान हललं की ते पुन्हा पलंगाखाली जाईल. तेव्हा एक पायरी मागे येऊन तिथून सुरुवात करा.

मात्र एका बाबतीत थांबून चालत नाही. एरवी मोकळं वावरणारं मांजर अचानक लपू लागलं, तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता असते. मांजरं वेदना बेमालूम लपवतात. नवीन मांजराने दिवसभरात काहीच खाल्लं नाही, तर ते घाबरलंय म्हणून वाट पाहत बसू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. त्याला लगेच पशुवैद्यांना दाखवा. नेण्याची पेटी आधीपासून उघडी करून खोलीत ठेवली असेल, तर ते आपणहून आत शिरण्याची शक्यता वाढते.