काचेच्या हंडीत दडलेला ताण

हाताने फुंकून केलेली दिव्याची हंडी कधीकधी दोन-चार आठवड्यांनी, कुणाचा धक्काही न लागता, फळीवर ठेवल्या जागी तडकते. दोष फुंकण्यात क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो हंडी थंड करताना शिरलेला असतो.

साधी सोडा-चुन्याची काच साधारण 1,000 अंश सेल्सिअसला काकवीसारखी ओघळते. म्हणून फुंकनळी सतत फिरती ठेवावी लागते. हात थांबला की गोळा लोंबतो आणि हंडीची एक बाजू जाड, दुसरी पातळ होते. आकार आल्यावर तळाला लोखंडी दांडा चिकटवून तोंड उघडतात आणि मग दांडा मोडून काढतात. तिथे काचेची जाड गाठ उरते. खरा घोळ या गाठीपाशी होतो.

गरम हंडी उघड्यावर ठेवली तर पृष्ठभाग आधी थंड होऊन कडक होतो. आतला थर नंतर आकसू लागतो, पण बाहेरचे कडक कवच त्याला आकसू देत नाही. त्यामुळे बाहेर दाब आणि आत ओढ कायमची राहते. काच दाब उत्तम सोसते, ओढ फारच थोडी. शिवाय हवेतली वाफ असतेच: ओढ बसलेल्या चिरेच्या टोकाशी पाण्याचे रेणू सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध तोडत राहतात आणि चीर हळूहळू पुढे सरकते. तडा उशिरा जातो तो यामुळे.

यावर उपाय म्हणजे अनीलिंग. हंडी गरम असतानाच सुमारे 540 अंशांच्या भट्टीत ठेवतात. या तापमानाला ती आकार सोडत नाही, पण आतला ताण सैल पडतो. मग सुमारे 450 अंशांपर्यंत अगदी सावकाश उतरायचे, त्याखाली थोडे भरभर. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंत 3 मिलिमीटर आणि तळाची गाठ 9 मिलिमीटर असेल, तर गाठीला तिप्पट नव्हे, नऊपट वेळ हवा. भिंतीची जाडी धरून भट्टी लवकर बंद करणे ही सर्रास होणारी चूक. रंगीत काचेचा थर चढवताना दोन्ही काचा सारख्याच प्रमाणात आकसणाऱ्या हव्यात; त्या जुळत नसतील तर कितीही सावकाश थंड करा, ताण जात नाही.

हा ताण घरीही दिसतो. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करा, पोलराइज्ड गॉगलची काच पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि हंडी दोघांच्या मध्ये धरा. नीट निवलेली काच काळोखातच राहते. ताण असेल तिथे उजळ पट्टे उमटतात, बहुधा गाठीभोवती आणि मानेपाशी. दुधी काचेवर मात्र हे चालत नाही, कारण तिच्यातले सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात.

बसवतानाही जपावे लागते. पितळ काचेच्या जवळजवळ दुप्पट आकसते. 100 मिलिमीटर व्यासाच्या मानेवर घट्ट बसवलेले पितळी कडे 50 अंशांनी निवले की काचेपेक्षा सुमारे 0.05 मिलिमीटर जास्त आकसते. आकडा छोटा असला तरी काच तसूभरही नमते घेत नाही. कड्यात मिलिमीटरभर फट ठेवून मध्ये नमद्याची चकती घालावी आणि स्क्रू बोटांनीच आवळावेत.