ओपल झालेला जबडा

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात लाइटनिंग रिज नावाचं गाव आहे. काळ्या ओपल या रत्नासाठी तिथली जमीन शंभरहून अधिक वर्षं पोखरली जातेय. त्या खाणींतून मधूनच हाडं निघतात, तीही ओपलची! सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी हा नद्यांचा सखल मुलूख होता आणि ऑस्ट्रेलिया अजून अंटार्क्टिकाला जोडलेला होता. दोन्ही खंड गोंडवन या प्राचीन महाखंडाचे तुकडे. (हे नाव गोंडांच्या मुलखावरून पडलं, आपला पूर्व विदर्भही त्यातच येतो.) चिखलात गाडलेलं हाड विरघळलं की त्याच्या आकाराची पोकळी राहायची. सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) मिसळलेलं पाणी तिच्यात झिरपून साचलं आणि त्याचं ओपल झालं.

इथल्या छोट्या शाकाहारी डायनासोरांची ओळख मात्र चुकीनेच सुरू झाली. १९३२ साली जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन ह्यूने यांनी मांडीच्या हाडाच्या एका टोकावरून 'फुल्गुरोथेरियम', म्हणजे विजेचा पशू, हे नाव दिलं आणि त्याला मांसाहारींच्या गटात बसवलं. तो शाकाहारी असल्याचं नंतर उमगलं. आज तर ते नावच संशयास्पद मानतात, कारण मांडीचं हाड अनेक जातींत जवळपास सारखंच असतं. जात नेमकी सांगायला दात लागतात, दातांवरचे बारीक कंगोरे लागतात.

ते हाती आले २०१३ साली. अ‍ॅडलेडचे ओपल व्यापारी माइक पोबेन लाइटनिंग रिज परिसरातल्या वी वारा या खाणींच्या भागातल्या कच्च्या ओपलची पिशवी निवडत होते. हिरव्या-निळ्या झाकेच्या एका तुकड्यावर त्यांना दातांची रांग दिसली. तो खालच्या जबड्याचा तुकडा होता.

मला इथे त्यांच्या नजरेचं मोल फार वाटतं. खाणीतली माती सिमेंट मिक्सरसारख्या फिरत्या पिंपांत धुतात, त्यात नाजूक हाडं फुटतात. त्यातून वाचलेला तुकडाही घासून-कापून सहज अंगठीत बसला असता. पोबेन यांनी तो लाइटनिंग रिजच्या ऑस्ट्रेलियन ओपल सेंटर या संग्रहालयाला देऊन टाकला.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्याच न्यू इंग्लंड विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ फिल बेल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. प्राणी दोन पायांवर चालणारा, साधारण कुत्र्याएवढा. नाव ठेवलं 'वीवारासॉरस पोबेनी': पहिल्या शब्दात खाणीचा भाग, दुसऱ्यात तुकडा ओळखणारा माणूस.