मस्टँगचा ऑटोमॅटिक गिअर लिव्हर ढिला झालाय? गाडी आणण्यापूर्वी हे वाचा

"लिव्हर एकदम लुळा पडलाय, गिअरबॉक्स गेला का हो?" फोर्ड मस्टँगचे मालक आमच्या गॅरेजमध्ये हे सारखं विचारतात. घाबरू नका. अशा ढिलेपणाचं कारण बहुतेकदा गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतं.

भारतात २०१६ मध्ये आलेल्या पाच लिटर व्ही-८ मस्टँगला सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. तुमच्या हातातला लिव्हर एक केबल मागेपुढे करतो. केबलचं दुसरं टोक गाडीखाली, गिअरबॉक्सच्या बाहेरच्या आर्मवर (गिअर बदलणाऱ्या छोट्या दांडीवर) बसवलेलं असतं आणि त्या जोडावर एक छोटा बुश, म्हणजे जोड धरून ठेवणारी रबरासारखी कडी असते. हा बुश कडक होऊन तडकला की केबल आर्मवरून निसटते. मग लिव्हर फिरतो, पण आर्म जागचा हलत नाही.

घरच्या घरी एवढं बघा

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक पूर्ण ओढा. इंजिन बंद, इग्निशन चालू. ब्रेक दाबून लिव्हर पी (पार्क) पासून डी (ड्राइव्ह) पर्यंत सावकाश आणा आणि नजर मीटरवर ठेवा. मीटरवरचं अक्षर गिअरबॉक्सकडच्या सेन्सरवरून येतं. लिव्हर डी वर आणि मीटरवर अजून पी किंवा आर (रिव्हर्स) असेल, तर बिघाड केबल, बुश किंवा ॲडजस्टमेंटमध्ये आहे. गाडी चालवू नका. अक्षरं बरोबर येतात, प्रत्येक खाच हाताला लागते, फक्त लिव्हर डुगडुगतो? मग मूठ किंवा लिव्हरखालचे बोल्ट ढिले असतील, सावकाश चालवत या. लिव्हर घट्ट आहे पण गिअर उशिरा पकडतो, ही तक्रार मात्र वेगळी. ऑइलचा प्रश्न तिथे येतो. ढिल्या लिव्हरसाठी कुणी ऑइल बदलायला सांगितलं तर खर्च करू नका.

केबल टाय लावू नका

आमचा सर्वाधिक वेळ इथे जातो. निसटलेली केबल आर्मला केबल टायने आवळायची किंवा झटपट चिकटणारा गोंद लावायचा, हा उपाय रस्त्यावर कुणीतरी करून देतं. लिव्हर घट्ट लागतो, गाडी चालते, आणि मालकाला वाटतं काम झालं. पण एक्झॉस्टच्या उष्णतेत तो टाय टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे लिव्हर पी वर दिसतो आणि आर्म पी पर्यंत पोचलेलाच नसतो. उतारावर लावलेली अशी गाडी घरंगळते. आमच्याकडे आल्यावर आधी गोंद खरवडायचा, मग आर्म आणि केबल शाबूत आहेत का बघायचं. अर्ध्या दिवसाच्या कामाला दोन दिवस लागतात आणि कधी चांगली केबलही बदलावी लागते.

बुश छोटा म्हणून प्रश्न छोटा नाही. अशाच बुशपायी फोर्डने २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या. त्या यादीत मस्टँग नव्हती, पण लिव्हर एका गिअरवर आणि गिअरबॉक्स दुसऱ्यावर, हा धोका तोच. तिथे उपाय म्हणून नवा बुश बसवून वर संरक्षक टोपी दिली गेली.

आम्ही फोनवर दर का सांगत नाही, याचा काही जणांना राग येतो. पण गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय नुसता बुश गेलाय की केबलही, हे कळत नाही. अंदाजाने आकडा सांगून नंतर वाढवणं आम्हाला पटत नाही. केबल आतून मोकळी चालत असेल तर आम्ही फक्त बुश बदलतो, अख्खी केबल गळ्यात मारत नाही. बसवल्यावर कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे केबल ॲडजस्ट करतो, प्रत्येक गिअर मीटरशी जुळवून पाहतो आणि जुना भाग तुमच्या हातात देतो. तपासणीचं शुल्क आहे, काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतं.

गाडीच्या तळाला डिझेल मारून वॉश करून घेऊ नका, त्याने रबर खराब होतं. फक्त पी च्या भरवशावर उतारावर गाडी लावू नका, आधी हँडब्रेक ओढा.

केबल निसटली असेल तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढल्यास चांगला गिअरबॉक्स खराब होईल. फोन करण्याआधी लिव्हर आणि मीटर एकत्र दिसतील असा छोटा व्हिडिओ पाठवा, म्हणजे लागण्याची शक्यता असलेला भाग आम्ही आधीच मागवून ठेवू शकतो.