काळी पडणारी कोळंबी, मोहोरावरील फवारणी आणि विकरे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटे उतरवलेली कोळंबी बर्फाविना राहिली, तर काही तासांत तिच्या डोक्याकडून काळे डाग पसरू लागतात. पुष्कळांना ती कुजल्याची खूण वाटते. प्रत्यक्षात हे काम जंतूंचे नसून कोळंबीच्याच शरीरातील एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे असते. कात टाकल्यानंतर नवे कवच टणक करण्यासाठी तिला ते लागते, पण कोळंबी मेली तरी विकर थांबत नाही. हवेतील ऑक्सिजन वापरून ते फिनॉल गटातील पदार्थांचे क्विनोनमध्ये रूपांतर करते आणि पुढे क्विनोनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन काळे मेलॅनिन तयार होते. चिरलेले केळफूल काळवंडते तेही याच प्रकारच्या विकरामुळे.

या विकराचे नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. कशावर काम होते आणि कोणते काम होते, या दोन्ही गोष्टी नावातच आल्या आहेत. शेवटचा ‘एज’ आला तो ‘डायस्टेज’ या नावावरून. पायें आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या धान्यातून ते वेगळे केले होते. मात्र पेप्सिन, ट्रिप्सिन, कच्च्या पपईच्या चिकातील पपेन अशी कामाविषयी काहीच न सांगणारी नावेही रूढ झाली, आणि विकरांची संख्या वाढत गेली तसा गोंधळ वाढला. अखेर आंतरराष्ट्रीय आयोगाने १९६१ मध्ये विकरांचे कामानुसार सहा वर्ग ठरवले. सातवा वर्ग २०१८ मध्ये जोडला गेला. प्रत्येक विकराला चार आकड्यांचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ३.१.१.७ यातील पहिला ३ सांगतो की हे विकर पाण्याच्या साहाय्याने बंध तोडते, आणि पुढचे आकडे तो बंध कोणता हे अधिकाधिक नेमके करत जातात. हे विकर म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. त्याच्याकडे पुढे यायचेच आहे.

विकर स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवते, कारण अभिक्रिया सुरू होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा ते खाली आणते. त्याच्या मोठ्या रेणूत एक लहानशी खोबण असते. तिला सक्रिय स्थान म्हणतात. ज्या पदार्थावर काम करायचे त्याचा रेणू या खोबणीत बसतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये या जुळणीला कुलूप-किल्लीची उपमा दिली. पुढे १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी मांडले की हे कुलूप ताठर नसते. रेणू आत येताना विकरही आपला आकार थोडा बदलून घेते. मला ही सुधारणा फार महत्त्वाची वाटते, कारण विकराचा हा लवचीकपणा लक्षात घेतल्याशिवाय त्याचे काम कसे चालते आणि कसे बंद पडते हे नीट उलगडत नाही.

बर्फाने विकर मंदावते, पण नष्ट होत नाही. म्हणून गोठवलेली कोळंबी बर्फ वितळताच पुन्हा काळी पडू लागते. उकळल्यावर मात्र विकराच्या प्रथिनाची घडीच मोडते आणि ते कायमचे निकामी होते. केळफूल ताकाच्या पाण्यात टाकतात तेव्हा आम्लता वाढून विकराचा जोर कमी होतो. काही अवरोधक, म्हणजे विकराचे काम अडवणारे पदार्थ, मूळ पदार्थासारखेच दिसतात आणि सक्रिय स्थान अडवून बसतात. मूळ पदार्थ भरपूर वाढवला, की तो त्यांना मागे सारतो.

सगळेच अवरोधक असे मागे हटत नाहीत. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आले की क्विनॉलफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके फवारली जातात. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोचवणारे अ‍ॅसिटिलकोलिन तत्काळ तोडणे हे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजचे काम, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला असे हजारो रेणू तोडतो. ऑरगॅनोफॉस्फेट त्याच्या सक्रिय स्थानातील सेरीन या अमिनो आम्लाला घट्ट बंधाने जोडले जाते. मग संदेश थांबतच नाही: लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, स्नायू थरथरतात, श्वास अडतो. कीटक मरतो तो याच रीतीने, आणि तोंड न झाकता फवारणी करणाऱ्या माणसाला धोका पोचतो तोही याच रीतीने. कार्बामेट गटातील कीटकनाशकांची पकड काही तासांत आपोआप सुटते. ऑरगॅनोफॉस्फेटची तशी सुटत नाही. रुग्णालयात दिले जाणारे अ‍ॅट्रोपीन लक्षणे आवरते, पण विकराला हातही लावत नाही. विकर मोकळे करते ते प्रॅलिडॉक्सिम, आणि तेही वेळेत दिले तरच, कारण काही काळाने त्या बंधात बदल होऊन तो पक्का होतो.

तांबड्या रक्तपेशींतील हे विकर एकदा असे निकामी झाले, की नव्या पेशी तयार होईपर्यंत भरून येत नाही, आणि तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. मोहोरापासून फळ धरेपर्यंत फवारण्या पुन्हा पुन्हा होतात. म्हणजे आधीची तूट भरण्यापूर्वीच पुढची तूट पडू शकते. या विकराची नेहमीची पातळी माणसागणिक वेगळी असल्यामुळे, फवारणी करणाऱ्याची रक्ततपासणी हंगाम सुरू होण्याआधी एकदा झाली असेल, तरच नंतरचा आकडा कशाशी ताडून पाहायचा हे डॉक्टरांना कळते.