गोडबोल्यांच्या वेशातले ॲलेक गिनेस

ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीवरचा, ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड लीन यांचा 'अ पॅसेज टू इंडिया' हा चित्रपट १९८४ साली आला. त्यातले प्राध्यापक नारायण गोडबोले साकारले होते ॲलेक गिनेस यांनी. चेहऱ्याला तपकिरी रंग, डोक्याला पागोटं, आणि नट सत्तरीला आलेला इंग्रज. मराठी माणसाला हे पाहताना अवघडल्यासारखं होतं, आणि ते अवघडणं मला रास्तच वाटतं. पण ही भूमिका त्यांच्याकडे कशी आली हे समजायचं तर पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि आपले वडील कोण हे त्यांना खात्रीने कधीच कळलं नाही. शाळा सुटल्यावर जाहिरात संस्थेत मजकूर लिहायची नोकरी केली, जोडीला नाट्यशिक्षण घेतलं. १९३४ मध्ये नामवंत नट जॉन गिलगुड यांनी आपल्या 'हॅम्लेट'मध्ये त्यांना ऑस्रिकची लहानशी भूमिका दिली. तिथून ओल्ड विक नाट्यगृह, आणि १९३८ मध्ये दिग्दर्शक टायरोन गथ्री यांनी आधुनिक पोशाखात केलेल्या प्रयोगात थेट हॅम्लेट. तेव्हा ते २४ वर्षांचे होते.

पुढच्या सगळ्याचं बीज मात्र १९३९ च्या एका छोट्या प्रयोगात आहे. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं नाट्यरूपांतर गिनेस यांनी स्वतः केलं आणि त्यात हर्बर्ट पॉकेट रंगवला. तो प्रयोग लीन यांनी पाहिला होता. मध्ये युद्ध आलं. गिनेस नौदलात गेले आणि १९४३ च्या सिसिलीवरील चढाईत सैन्य किनाऱ्याला उतरवणाऱ्या बोटीचे अधिकारी होते. युद्ध संपल्यावर लीन यांनी त्याच कादंबरीवर चित्रपट काढला आणि १९४६ मध्ये गिनेस पुन्हा हर्बर्ट झाले, या वेळी पडद्यावर.

डिकन्सच्याच 'ऑलिव्हर ट्विस्ट'साठी त्यांनी पोरांना खिसे कापायला शिकवणारा म्हातारा ज्यू फेगिन मागितला. लीन आधी तयार नव्हते. पूर्ण रंगभूषा करून गिनेस समोर उभे राहिले, तेव्हा भूमिका मिळाली. १९४८ च्या या चित्रपटातलं त्यांचं मोठं चिकटवलेलं नाक ज्यूंची विटंबना करणारं आहे म्हणून अमेरिकेत वादंग झाला आणि तिथे तो १९५१ मध्ये काटछाट करूनच लागला. काम अव्वल होतं, आणि आक्षेपही खरा होता. नाझी छळछावण्या उघडून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

मग 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' आला, १९४९ मध्ये. एकाच उमराव घराण्यातली आठ माणसं, त्यांत एक बाईसुद्धा, गिनेस यांनी एकट्याने उभी केली. हे फक्त वेश बदलणं नव्हतं. प्रत्येकाची चाल वेगळी, उभं राहण्याची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे बहुरूप्याला मान होता तो याच कसबासाठी. लंडनच्या ईलिंग स्टुडिओच्या 'द लॅव्हेंडर हिल मॉब' आणि 'द लेडीकिलर्स'नी ही ओळख पक्की केली. रंगभूमीवर सगळंच साधलं असं नाही. १९५१ मध्ये स्वतः दिग्दर्शित केलेला 'हॅम्लेट' सपशेल पडला आणि तो घाव त्यांना बराच काळ पुरला.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधल्या कर्नल निकल्सनसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. शत्रूसाठी पूल बांधताना त्या पुलाच्याच प्रेमात पडलेला हा ताठ अधिकारी मला त्यांचं सर्वोत्तम काम वाटतो. १९५९ मध्ये ते 'सर' झाले. पुढे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'ने त्यांना पैसा आणि जगभर नवा प्रेक्षक दिला. १९७९ मध्ये बीबीसीच्या मालिकेतला हेर जॉर्ज स्मायली त्यांनी चष्मा पुसत, कमीत कमी बोलत घराघरात पोचवला.

या वाटेवर १९६१ मध्ये त्यांनी 'अ मेजॉरिटी ऑफ वन'मध्ये जपानी व्यापारी केला आणि १९६२ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त अरब राजपुत्र फैसल. रंगभूषेच्या पेटीत कुठल्याही देशाचा माणूस मावतो, अशी तेव्हाच्या निर्मात्यांची धारणा होती. गोडबोले त्याच ओळीत येतात.

पण १९८४ पर्यंत काळ बदलला होता. दोनच वर्षांपूर्वी 'गांधी'मध्ये डॉ. श्रीराम लागू गोखले झाले होते आणि रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा. लीन यांनीही 'पॅसेज'मधल्या प्रमुख भारतीय पात्रासाठी, डॉ. अझीझ म्हणून, व्हिक्टर बॅनर्जींना घेतलं. मराठी नट नव्हते असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

गोडबोले काही केवळ आडनावापुरते मराठी नाहीत. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पाती या संस्थानाच्या पवार महाराजांकडे खाजगी चिटणीस होते. तिथे पाहिलेला गोकुळअष्टमीचा उत्सव त्यांनी कादंबरीच्या तिसऱ्या भागात आणला. त्यात गोडबोले देवासमोर उभे आहेत, टाळमृदंगाच्या गजरात, आणि तुकारामाला मायबाप म्हणून आळवताहेत. या माणसाचा गाभा वेशात नाही, त्या भजनात आहे. चित्रपटात हा उत्सव नाही. शेवट काश्मीरला घडतो.

गिनेस यांनी गोडबोल्यांसाठी एक नृत्य मात्र शिकून चित्रित केलं होतं. लीन यांनी संकलनात ते काढून टाकलं. गिनेस दुखावले. १९४६ पासून सहा चित्रपट एकत्र केलेल्या या दोघांचा तो शेवटचा चित्रपट ठरला.