शिकार-नोंद आणि सार्वजनिक जमिनीवरील शिकारीचा ताण (अमेरिका)

अमेरिकेत रानातले जनावर जमीनमालकाचे नसते. राज्य ते जनतेच्या वतीने सांभाळते; हंगाम केव्हा आणि परवाने किती, हे राज्याचे वन्यजीव खाते ठरवते. त्यासाठी दरवर्षी हिशेब लागतो : किती जणांनी किती दिवस शिकार केली, कोणत्या भागात, आणि किती जनावरे पडली. शिकाऱ्याने हा हिशेब खात्याला कळवणे म्हणजे शिकार-नोंद, तिथल्या भाषेत ‘हार्वेस्ट रिपोर्ट’. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारच बंद असल्याने अशी व्यवस्था नाही.)

परवान्याबरोबर टॅग मिळतो. जनावर पडले की टॅगवर तारीख भरायची किंवा खाच पाडायची आणि तो जनावराला बांधायचा. मग मुदतीच्या आत फोनवर, संकेतस्थळावर किंवा ॲपमधून नोंद करायची. मुदत राज्यागणिक बदलते. मिसुरीत हरणाची नोंद त्याच दिवशी रात्री १०च्या आत व्हावी लागते, विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५पर्यंत, तर पेनसिल्व्हेनियात १० दिवसांत. साधारणपणे युनिट म्हणजे शिकार-विभाग, तारीख, नर की मादी, शिंगांना टोके किती, हत्यार कोणते आणि किती दिवस घालवले, एवढे विचारतात.

सर्वात जास्त चुकते ती रिकाम्या हाताने परतलेल्याची नोंद. ज्याला जनावर मिळाले तो हौसेने कळवतो. ज्याला मिळाले नाही त्याला कळवण्यासारखे काही वाटत नाही. मग यशाचे प्रमाण, म्हणजे शंभरातल्या किती शिकाऱ्यांना जनावर मिळाले ते, फुगते. म्हणून आयडाहोत काही न मिळालेल्यालाही हंगाम संपल्यावर १० दिवसांत कळवावे लागते. ओरेगनमध्ये हरीण आणि एल्क (हरणाच्याच कुळातले मोठे जनावर) यांच्या टॅगची नोंद टाळली, तर पुढचा परवाना घेताना २५ डॉलर जादा भरावे लागतात.

सक्ती असली तरी सगळे नोंद करत नाहीत. पेनसिल्व्हेनियाचे कर्मचारी हरणाचे मांस कापून देणाऱ्या दुकानांत जाऊन डोकी तपासतात, दातांवरून वय ठरवतात, टॅगवरचा तपशील उतरवून घेतात आणि यातल्या किती हरणांची नोंद झाली ते पडताळतात. समजा ३०० डोक्यांपैकी १०० नोंदलेली निघाली, तर नोंदीचे प्रमाण एक तृतीयांश. म्हणजे १०,००० नोंदी आल्या तर अंदाज ३०,००० हरणांचा. कोलोरॅडोसारख्या राज्यात परवानाधारकांच्या सर्वेक्षणावरून अंदाज काढतात. लहान युनिटमध्ये तो डळमळीत असतो : उत्तरे १२ आली, तर एकाच माणसाने टक्केवारी ८ने हलते.

बदके आणि हंस राज्यांच्या सीमा ओलांडतात, म्हणून त्यांचा हिशेब संघीय खाते ठेवते. निवडक शिकाऱ्यांना पाकिटे पाठवली जातात. बदकाचा एक पंख, हंसाची शेपटीची आणि पंखाच्या टोकाची पिसे त्यात घालून परत धाडायची. हंगामानंतर जीवशास्त्रज्ञ टेबलांवर पंखांचे ढीग मांडून पिसांच्या कडा, झीज आणि रंग पाहून प्रजाती, वय आणि लिंग ठरवतात. पिल्लांचे प्रमाण किती, हे त्यावरून कळते.

शिकारीचा ताण, म्हणजे एखाद्या भागात शिकाऱ्यांची किती गर्दी होते ते, मोजायला दर चौरस मैलामागे शिकारी किंवा एकूण शिकारी-दिवस हे माप वापरतात. सरासरी मात्र फसवी असते, कारण माणसे रस्ते आणि वाहनतळांच्या आसपास दाटतात, तीही पहिल्या शनिवार-रविवारी. जनावरे लगेच चाल बदलतात : दिवसा दाट झाडीत दडून राहतात, रात्री चरतात, किंवा सरळ कुंपणापलीकडे जातात. ओरेगनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात रेडिओ-पट्टे घातलेल्या एल्कवर अभ्यास झाले आहेत. एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या उघड्या चारचाकी गाड्या, फिरू लागल्या की एल्क त्या वाटांपासून लांब सरकताना दिसले. पश्चिमेकडच्या राज्यांत सप्टेंबरात धनुष्यबाणाचा हंगाम लागताच कळप खासगी रँचवर (गुरे पाळण्याच्या मोठ्या जमिनींवर) उतरू लागतात. बंदुकीचा हंगाम येईतो सार्वजनिक डोंगर ओस पडलेला आणि रँचवाल्याचे गवत फस्त झालेले. यावर खाती फक्त खासगी जमिनीपुरते मादीचे परवाने काढतात, रस्ते बंद ठेवतात किंवा सोडतीने परवाने देतात.

युनिटच्या यशाच्या टक्केवारीत हे काहीच दिसत नाही. निम्म्याहून जास्त जमीन खासगी असलेल्या युनिटमध्ये ३० टक्के यश दिसले, तरी त्यातली बरीच जनावरे रँचवर पडलेली असू शकतात. म्हणून सार्वजनिक जमिनीचा हिस्सा आधी बघावा, नर वेगळे मोजावेत, ३ ते ५ वर्षे एकत्र धरावीत आणि एका जनावरामागे दिवस किती लागले ते काढावे. १,००० जणांनी पाच-पाच दिवस घालवून १५० एल्क मारले, तर यश १५ टक्के, पण प्रत्येक एल्कमागे ३३ दिवस. दुसरा आकडा जास्त प्रामाणिक आहे. वीसच परवान्यांच्या युनिटमधले ८० टक्के यश परवान्यांच्या मर्यादेबद्दल जास्त सांगते, कळपाबद्दल कमी.

हे आकडे जाहीर असतात आणि असायलाच हवेत. पण जाहीर झाले की तेच ताण हलवतात. सोडतीच्या युनिटमध्ये अर्ज वाढतात, एवढेच. जिथे परवाना दुकानातून हवा तितका मिळतो, तिथे पुढच्या हंगामात थेट गर्दी उतरते. पश्चिम कोलोरॅडोत बाहेरच्या राज्यातल्या धनुर्धारींचे एल्क परवाने २०२५पासून मर्यादित झाले, त्यामागे अशी गर्दी हे मोठे कारण होते.

आवडती जागा लपवण्यासाठी काही जण नोंदीत शेजारचे युनिट टाकतात. गर्दी त्याने फारशी टळत नाही. खऱ्या युनिटमध्ये मारलेली जनावरे कमी दिसतात, कळप घटत असेल तर ते खात्याच्या उशिरा लक्षात येते, आणि तोवर परवाने पूर्वीइतकेच निघत राहतात.