इशिदा, तेत्सुया

(१६ जून १९७३ – २३ मे २००५). जपानी चित्रकार. शिझुओका प्रांतातील याइझू या मासेमारीच्या बंदरगावी जन्म. १९५४ साली पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या अणुचाचणीच्या राखेच्या तडाख्यात सापडलेली ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही नौका याच बंदरातली. त्या घटनेवरची अमेरिकन चित्रकार बेन शाह्न यांची चित्रे इशिदांनी लहानपणीच पाहिली आणि त्यांच्यासारखे व्हायचे मनाशी ठरवले. १९९६ मध्ये त्यांनी मुसाशिनो कला विद्यापीठाची पदवी घेतली. जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटून तेव्हा काही वर्षे झाली होती. पदवी हातात असूनही कायमची नोकरी न मिळणाऱ्या तरुणांची ही पिढी.

इशिदांची चित्रे स्वप्नासारखी वाटतात, पण त्यांतल्या वस्तू रोजच्या वापरातल्याच असतात. ‘इंधन भरल्यासारखे जेवण’ (१९९६) या चित्रात खानावळीच्या लांब ओट्याशी सूट-टाय घातलेले पुरुष ओळीने बसले आहेत आणि नोकर पेट्रोल पंपावरच्यासारख्या नळ्या त्यांच्या तोंडात धरत आहेत. ‘अंकुर’मध्ये (१९९८) वर्गातल्या काही मुलांची सूक्ष्मदर्शक यंत्रे झाली आहेत, तास मात्र चालूच आहे. ‘कैदी’मध्ये (१९९९) मुलाचे अख्खे शरीर शाळेच्या इमारतीत अडकले आहे, बाहेर आहे ते फक्त डोके. यांपैकी कुणीही ओरडत नाही, धडपडत नाही. बहुतेक चित्रांत तोच एक तरुण चेहरा येतो: आखूड केस, ओलसर डोळे, नजर भलतीकडेच. विटांच्या फटी, कपड्यांच्या चुण्या इतक्या निगुतीने रंगवलेल्या असतात की अशक्य गोष्टही समोर घडल्यासारखी पटते. आपला दुबळा, घाबरा जीव हसण्यावारी न्यावा म्हणून ही आत्मचित्रे सुरू झाली आणि पुढे त्यांत शहरातले लोक, ग्राहक, कामगार येत गेले, असे इशिदांनीच सांगितले आहे. तरी त्यांतले हसू फार वेळ टिकत नाही. नंतर समाजावरची टीका मागे पडून चित्रे अधिक अंतर्मुख झाली. ही उत्तरकालीन चित्रे ‘कैदी’इतकी गाजली नाहीत, पण अधिक खोल आहेत.

टोकियोतील माचिदा येथे रेल्वे फाटकावरील अपघातात वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जेमतेम दहा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी दोनशेच्या आसपास चित्रे काढली. जपानबाहेर त्यांची ओळख मुख्यतः मृत्यूनंतर झाली: २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांची चित्रे होती, तर २०१९ मध्ये माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयाने ‘दुसऱ्याचे आत्मचित्र’ या नावाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यांची बरीच चित्रे शिझुओका प्रांतीय कला संग्रहालयात आहेत.